गर्भातला हंगाम

"गोड कमी करा आणि रोज थोडं चालत जा," असं कौसल्या गर्जेला सांगणारा हा सातवा की आठवा डॉक्टर होता. त्या दिवशी दवाखान्यात तिने पहिल्यांदाच आवाज चढवला.

"डॉक्टर, मी खो-खो शिकवते. रोज दोन्ही वेळा मुलींबरोबर मैदानावर पळते. चहातली साखर मी कॉलेजात असतानाच सोडली. माझ्याकडे बघा, अंगावर मांस दिसतंय कुठे? अजून कुठवर चालत जाऊ? दिल्लीपर्यंत?"

डॉक्टर तरुण होता. तो ओशाळून पडद्यावरच्या फोटोकडे बघत राहिला. फोटो तिच्या डाव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा होता आणि त्यावर रक्ताचे बारीक ठिपके सांडले होते. मधुमेहाने आतल्या रक्तवाहिन्या फुटायला लागल्या होत्या. कौसल्याचं वय तेहेतीस. अंबाजोगाईच्या मुलींच्या शाळेत ती नऊ वर्षं नोकरी करत होती, तिच्या मुली राज्य पातळीवर खेळून आल्या होत्या. गेल्या महिन्यात पळणाऱ्या मुलीच्या जागी तिला काळे दोरे तरंगताना दिसले, म्हणून ती इथे आली होती.

मधुमेह निघाल्यापासून लोक तिच्याकडे एका ठरावीक नजरेने बघायचे. लपूनछपून खात असणार, ही ती नजर. शिक्षक-खोलीत कुणाच्या वाढदिवसाचा पेढा फिरायला लागला की सगळे आधी तिच्या हाताकडे बघत. तिने ते हसण्यावारी नेलं होतं. आता हसू येत नव्हतं.

"तुम्ही जनुकांचा ठसा काढून घ्या," डॉक्टर हळू आवाजात म्हणाला. "लातूरला. कारण कळेल. शिवाय पेशीरोपण करायचं तर विमा कंपनी ठसा मागतेच."

पेशीरोपण हाच आता उपाय होता. रुग्णाच्याच रक्तापासून इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी वाढवायच्या आणि त्या शरीरात बसवायच्या. साखर ताब्यात येते, डोळे आहेत तिथे थांबतात. उपचार नवा होता, महाग होता, आणि 'अभयकवच' कंपनीच्या शिक्षक-विम्यात बसत होता.

लातूरच्या प्रयोगशाळेत डॉ. नसीमा पठाण भेटल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, तोडून बोलणाऱ्या. ठसा वाचायची पद्धत शोधणाऱ्या गटात त्या होत्या. त्यांनी कौसल्याच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला आणि दोन दिवसांनी तिला समोर बसवून पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर कापडासारखं काहीतरी दिसत होतं. आडव्या धाग्यांची लांबलचक पट्टी.

"आपली जनुकं आईबापांकडून येतात, ती जन्मभर बदलत नाहीत," नसीमा म्हणाल्या. "पण कुठलं जनुक चालू ठेवायचं आणि कुठलं बंद, हे ठरवणाऱ्या रासायनिक गाठी त्यांच्यावर बसतात. बहुतेक गाठी पोटात असताना आणि पुढच्या दोनेक वर्षांत बसतात. बाळाला पोटात अन्न कमी पडलं की त्याचं शरीर अंदाज बांधतं, बाहेर दुष्काळ आहे. मग ते काटकसर करतं. मेंदूला पुरवतं आणि बाकीच्यांचं कापतं. स्वादुपिंड लहान राहतं, स्नायू कमी बनतात आणि मिळेल तो घास चरबी करून पोटाच्या आत साठवायचा, अशी सवय लागते. दुष्काळातच जगायचं असतं, तर ही तयारी कामाला आली असती. पण तुम्ही मोठ्या झालात आणि दोन वेळचं नीट जेवायला लागलात. तेवढंसुद्धा त्या लहान स्वादुपिंडाला झेपलं नाही."

"म्हणजे मी काही चुकीचं खाल्लं म्हणून नाही?"

"नाही. उलट तुम्ही पळत होतात म्हणून इतकी वर्षं निभावलं."

इतक्या वर्षांत हे वाक्य कौसल्याला कुणीही म्हटलं नव्हतं.

नसीमांनी पट्टीवर बोट ठेवलं. "गाठी क्रमाने बसतात, म्हणून आठवड्याचा हिशेब लागतो. हे बघा, इथपर्यंत वीण ठीक आहे. सातव्या महिन्यात एकदम विरळ झाली. अशी दीडेक महिना. मग पुन्हा सावरली. ही नुसती गरिबी नाही. गरिबीत सगळी पट्टी थोडी थोडी विरळ दिसते. इथे कुणीतरी अन्न बंद केल्यासारखं आहे."

आठवड्याने विमा कंपनीचं उत्तर आलं. रोग जन्माआधीच्या कारणाने झालेला आहे, सबब खर्च मिळणार नाही. मात्र नव्या कलमाप्रमाणे एक सवलत होती. ज्या व्यक्तीमुळे गर्भाचं पोषण बिघडलं, ती 'कारक व्यक्ती' रुग्णाने जाहीर केली, तर त्या व्यक्तीच्या आरोग्य-विम्यातून रोपणाचा खर्च वळता करून घेता येईल. कारणाच्या रकान्यात कंपनीने स्वतःच लिहून टाकलं होतं: मातृदुर्लक्ष.

कौसल्याने ते दोनदा वाचलं आणि खरं सांगायचं तर तिचा पहिला राग कंपनीवर गेलाच नाही. तो आईवर गेला.

कारण एक गोष्ट तिला आधीच माहीत होती. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला भाऊ, भागवत, याचा ठसा नुकताच निघाला होता. त्याची बायको प्रणिता पाच महिन्यांची गरोदर होती. त्यांचाही विमा याच कंपनीचा होता आणि ती हल्ली होणाऱ्या आईबापांचे ठसे काढून ठेवायची, आईच्या रक्तावरून गर्भाची वीणही तपासत राहायची. भागवतची वीण पहिल्या धाग्यापासून घट्ट होती.

कौसल्या आईजवळच राहायची. ती घरी आली तेव्हा गयाबाई ओट्यापाशी मेथी निवडत बसली होती. साठी उलटलेली बाई. आयुष्यभर जळक्या उसाची काजळी छातीत गेल्यामुळे थोडं बोललं तरी तिला धाप लागायची. महिन्या-दोन महिन्यांतून ऑक्सिजन लावावा लागायचा, आणि तो तिच्या वृद्धांच्या विम्यावर चालायचा.

"माय, माझ्या वेळी तू जेवत नव्हतीस का?"

"कवा?"

"मी पोटात असताना. माझे डोळे चाललेत ते त्यामुळे. कंपनी म्हणते, आईनं दुर्लक्ष केलं."

गयाबाईचा हात थांबला. मग ती पुन्हा पानं खुडायला लागली. "म्हणू दे. तुला उपचार मिळत आसल तर दे माझं नाव."

"ते नंतर बघू. मला आधी हे सांग, भागवतच्या वेळी बरं पोटभर खाल्लंस? मुलगा होणार असं कुणी सांगितलं होतं का तुला?"

मेथीची जुडी जमिनीवर आपटली. गयाबाई उठून उभी राहिली. आईला एवढं संतापलेलं कौसल्याने कधी पाहिलं नव्हतं.

"भागवतच्या साली कारखाना बंद व्हता! पाणी न्हवतं, ऊस न्हवता, म्हणून आम्ही गावात ऱ्हायलो. रोजगार हमीवर खडी फोडली, रेशनचा गहू खाल्ला. दुष्काळात जेवले ग मी, दुष्काळात! ज्या साली ऊस दाटून आला व्हता त्या साली उपाशी मेले. इच्यार तुझ्या कंपनीला, हे कसं?"

तिला धाप लागली. कौसल्याने पाणी आणलं, पण तिने भांडं बाजूला सारलं आणि तशीच बोलत राहिली.

कृष्णाकाठी विजयधारा साखर कारखाना होता. गयाबाई आणि तिचा नवरा त्या हंगामात तिथे टोळीबरोबर ऊस तोडायला गेले होते. टोळीत चार बायका गरोदर होत्या. संक्रांतीच्या सुमाराला त्यातली एक, सखू, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना खाली पडली. रक्त गेलं, लेकरू गेलं. दुसऱ्या दिवशी बायका फडात उतरल्याच नाहीत. पोटुशा बाईला फळीवर चढवू नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याने रंगनाथ मुकादमाला बोलावलं आणि टोळीला दर आठवड्याला मिळणारा बाजार, म्हणजे पीठ-मीठ-तेलाचा शिधा, बंद करायला सांगितला. राहिलेला ऊस भरून निघेपर्यंत बाजार नाही. गावाकडे जायचं तर वाटेत अडवायला माणसं उभी होती.

"मग काय खाल्लंत?" कौसल्याने विचारलं.

"ऊस." गयाबाई भिंतीला टेकून खाली बसली. "सकाळी ऊस, दुपारी ऊस. कुणी मूठभर पीठ उसनं दिलं तर बापये माणसं आमच्याकडं सरकवायची, पण तेवढ्यानं काय व्हतंय? पोट कडक व्हायचं, तू आतून लाथा मारायचीस. मला वाटायचं, खेळतंय लेकरू."

"इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? उपाशी व्हतो, ह्यात सांगण्यासारखं काय हाय?"

दुसऱ्या दिवशी केजहून भागवत आला. तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये विक्री बघायचा, हिशेबी माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्का, झालं ते वाईट झालं. पण तू आईचं नाव देऊन मोकळी हो. आईच्या औषधांचं मी बघतो."

"आणि आईने मला उपाशी ठेवलं, हे कायमचं लिहिलं जाऊ दे?"

"लिहिल्याने काय बिघडतं? आपल्याला खरं माहीत आहे."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. कौसल्याने फोन त्याच्या हातातून घेतला. अभयकवचचा निरोप होता: 'गर्भाची वीण सैल होत आहे. मातेचे आहाराकडे दुर्लक्ष आढळते. कृपया मातेस समज द्यावी. नोंद ठेवण्यात आली आहे.'

"प्रणिताला उलट्या होतायत," भागवत कसाबसा म्हणाला. "पाणीसुद्धा टिकत नाही पोटात. ती कुठे दुर्लक्ष करतेय?"

"मग दे तिला समज," कौसल्या म्हणाली. "आणि वीस वर्षांनी तुझ्या लेकराला सांग, आईचं नाव दे म्हणून. लिहिल्याने काय बिघडतं?"

भागवत बराच वेळ अंगणात जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा त्याने आईला विचारलं, "सखूमावशीबरोबरच्या बाकीच्या दोघींची लेकरं आता कुठं असतात?"

दोघंही सापडली. फार शोधावं लागलं नाही. टोळीतली माणसं एकमेकांना लग्ना-मयताला भेटतच असतात. महाशिवरात्रीला जन्मलेली शिवकांता परळीत नर्स होती आणि तिला तिशीतच रक्तदाबाने गाठलं होतं. जनार्दन पावसाळ्यात जन्मला होता. तो पाण्याचा टँकर चालवायचा. त्याला मधुमेह होता आणि आपण दारू पितो म्हणून झाला, असं बायकोपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी त्याला पटवलं होतं. तो दारू पीत नव्हता. तरीही त्याने ते मान्य करून टाकलं होतं.

नसीमांनी तिघांच्या पट्ट्या पडद्यावर एकाखाली एक लावल्या. शिवकांताची वीण नवव्या महिन्यात विरळ होती, कौसल्याची सातव्या-आठव्यात, जनार्दनची अगदी सुरुवातीला, तिसऱ्या महिन्याच्या आसपास. तिन्ही तुकडे वेगवेगळ्या जागी.

"जुळत नाही," भागवत निराश होऊन म्हणाला.

"थांबा." नसीमांनी तिघांच्या जन्मतारखा भरल्या आणि पट्ट्या सरकवल्या. आता धागे गर्भाच्या महिन्यांप्रमाणे नव्हते, बाहेरच्या दिवसांप्रमाणे होते. तिन्ही विरळ तुकडे सरकत आले आणि एकाखाली एक नेमके बसले. संक्रांतीनंतरच्या आठवड्यापासून फाल्गुनाच्या मध्यापर्यंत. फक्त शिवकांताचा तुकडा मध्येच, तिच्या जन्माशी थांबला होता.

जनार्दन मान खाली घालून रडत होता. शिवकांताने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मी एवढंच शोधलं होतं, की धागा कुठे बारीक झाला ते वाचता यावं," नसीमा रागाने म्हणाल्या. "गरोदर बाईला वेळेवर खायला मिळावं, यासाठी होतं ते. धागा कुणी ओढला हे यंत्राला दिसत नाही. तो रकाना या लोकांनी आपल्या मनाने घातलाय. सुनावणीला मी येते."

सुनावणी कंपनीच्या अंबाजोगाईच्या कार्यालयात झाली. निवारण अधिकारी सारंग नावाचा एक नम्र मुलगा होता. त्याने सगळ्यांना पाणी दिलं, गयाबाईसाठी गादीची खुर्ची मागवली. नसीमांनी पट्ट्या दाखवल्या, समजावून सांगितल्या. तो मन लावून ऐकत होता.

"आता तुम्ही सांगा," कौसल्या म्हणाली. "तीन आया एकाच आठवड्यात निष्काळजी झाल्या आणि दीड महिन्याने एकाच वेळी शहाण्या झाल्या? असं दुर्लक्ष असतं का कुठे?"

"मॅडम, वैयक्तिकरीत्या मला पटतंय," सारंग म्हणाला. "पण जाहीर निवेदन यंत्रणेपुढे करावं लागतं. मला त्यात बदल करता येत नाही."

टेबलावर एक छोटा कॅमेरा होता. त्यातून बाईचा गोड आवाज आला. "कारक व्यक्तीचे नाव स्पष्ट उच्चारा."

"विजयधारा सहकारी साखर कारखाना."

"ही व्यक्ती नाही. कृपया पुन्हा सांगा."

"त्या कारखान्याचा त्या वर्षीचा शेतकी अधिकारी. आणि रंगनाथ मुकादम."

"कारक व्यक्तीशी आपले जैविक नाते सांगा."

"नातं?" कौसल्याने सारंगकडे बघितलं. "माझं आणि मुकादमाचं नातं?"

"पर्याय उपलब्ध: माता," यंत्र म्हणालं.

"एकच पर्याय? बापाचासुद्धा नाही?"

"गर्भाचं पोषण आईकडूनच होतं ना, मॅडम," सारंग पुटपुटला.

कौसल्या उभी राहिली. तिला पुढचं काही सुचायच्या आत शेजारून गयाबाई खुर्चीवरून वाकली आणि कॅमेऱ्याजवळ तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, "गयाबाई..."

कौसल्याने झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला.

"सोड!" गयाबाई तिचा हात ओढत होती. "घेऊ दे माझं नाव. माझं काय ऱ्हायलंय? तुझे डोळे ऱ्हातील. सोड, कवसे!"

"नाही घ्यायचं. एकदा उपाशी मारलं तुला, आता त्याच्यावर सही पण तुझीच?"

"नाव अपूर्ण," यंत्र म्हणालं. "कृपया पुन्हा सांगा."

भागवतने पुढे होऊन कॅमेऱ्याची तार भिंतीतून उपटली. सारंगने त्याला अडवलं नाही. मायलेकी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. कुणालाही ती मिठी वाटली नसती. ती झटापटच होती.

अर्ज फेटाळला गेला. कौसल्या, शिवकांता आणि जनार्दन यांनी नसीमांसोबत न्यायालयात धाव घेतली, आणि बातमी पसरली तशी बीडपासून नंदुरबारपर्यंतची माणसं आपापले ठसे घेऊन यायला लागली. धरणावर, वीटभट्टीवर, मिठागरांवर आया राबत असताना त्यांच्या पोटात असलेली माणसं. नसीमांच्या पडद्यावर एकेका ठिकाणचे, एकेका सालचे धागे एकाखाली एक बसत गेले. निकालाला दोन वर्षं लागली. 'कारक व्यक्ती'चं कलम रद्द झालं, गरोदर बायकांच्या 'दुर्लक्षा'च्या नोंदी ठेवणं बंद झालं, जन्माआधीचं कारण म्हणून कुणाचा उपचार नाकारता येणार नाही असं न्यायालयाने म्हटलं. आणि हंगामी कामाच्या प्रत्येक तळावर गरोदर बाईला पूर्ण जेवण आणि पगारी रजा द्यायची, हेही.

कौसल्याचं रोपण झालं. उजवा डोळा राहिला. डावा त्या दोन वर्षांत गेला.

शिक्षा कुणालाच झाली नाही. विजयधाराचं व्यवस्थापन आणि नाव दोन्ही बदललं होतं, शेतकी अधिकारी मेला होता, रंगनाथ मुकादम अर्धांगाने अंथरुणाला खिळला होता. वर्तमानपत्रांनी निकालाला ऐतिहासिक म्हटलं. शाळेत कौसल्याचा सत्कार ठेवला. ती गेली नाही. प्रणिताला मुलगी झाली होती, ती आता पळायला लागली होती. तिला बघितलं की कौसल्याला बरं वाटायचं. पण राग गेला नव्हता, आणि तो जावा असं तिला वाटतही नव्हतं.

त्या वर्षी हंगाम सुरू झाल्यावर ती शिवकांताला घेऊन कृष्णाकाठी गेली. मोठ्या फडांत आता तोडणीयंत्रं चालत होती. ओढ्याकाठच्या चिखलाच्या तुकड्यांत मात्र यंत्र रुतायचं, तिथे अजून माणसंच लागायची. सकाळचे दहा वाजले होते. सात महिन्यांची पोटुशी एक पोरगी, विशीचीही नसेल, कोयता चालवत होती. शिवकांताने तिचा हात धरून नाडी बघितली आणि विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?"

पोरगी हसली आणि तिने 'काही नाही' अशी मान हलवली.

बांधावर छत्रीखाली पर्यवेक्षक बसला होता. कौसल्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "हिचं जेवण कुठे आहे?"

"कसलं जेवण, बाई?"

"न्यायालयाचा आदेश आहे."

"आमच्यापर्यंत अजून तसलं काही आलेलं नाही," तो म्हणाला आणि पुन्हा फोनकडे वळला.

"आदेश आला नसेल," कौसल्या म्हणाली. "मी आलेय."

उसाने भरलेला ट्रॅक्टर निघायच्या बेतात होता. ती चालत गेली आणि त्याच्या पुढच्या चाकाला टेकून जमिनीवर बसली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मग इंजिन बंद केलं. पर्यवेक्षक ओरडत आला, हात हलवून बोलत राहिला. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. शिवकांता येऊन तिच्याशेजारी बसली. थोड्या वेळाने ती पोरगी कोयता खाली टाकून आली. मग तिच्यामागे उभी असलेली एक म्हातारी. मग एकेक करून फडातल्या सगळ्या बायका.

पर्यवेक्षकाने चिडून फोन कानाला लावला. शिध्याची गाडी दुपारी आली.